कोनशिलेपाशी संपणारा रॅम्प

मित्रांनो, मी एक रॅम्प आहे. वयानं फार जुना नाही. येत्या पावसाळ्यात पाच वर्षं पुरी होतील. पण सरकारी सिमेंटचं आयुष्य तुम्हाला ठाऊकच आहे, त्या हिशेबानं मी म्हाताराच झालो म्हणायचं. अंगाला चार ठिकाणी तडे गेलेत. एका कडेचा लोखंडी कठडा कुणीतरी उपटून नेला. पानतंबाखूच्या पिचकाऱ्यांनी मी असा रंगलोय की माझा मूळ रंग कोणता, हे आता मलाही सांगता यायचं नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका सरकारी कचेरीच्या डाव्या अंगाला मी पडून असतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर कचेरीतली माणसं म्हणतील, घरचं भांडण चव्हाट्यावर मांडलं. तसं मांडायला माझी हरकत नाही, पण उरलेलं आयुष्य मला त्यांच्याच सोबत काढायचं आहे.

रॅम्प म्हणजे उतार. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी बांधलेली वाट. चाकाच्या खुर्चीवरून येणारी माणसं, गुडघे धरलेल्या आज्या, कुबड्या घेऊन चालणारे, या सगळ्यांना कचेरीत नेऊन सोडणं एवढंच माझं काम. एक फूट वर चढायचं असेल तर बारा फूट लांबी हवी, असा आम्हा रॅम्पांचा साधा हिशेब असतो. आमच्या कचेरीचा व्हरांडा तीन फूट उंच आहे. म्हणजे मी छत्तीस फूट लांब असायला हवा होतो. पण अठराव्या फुटावर कचेरीची भिंत संपली आणि तिथेच मीही संपलो. अर्ध्या लांबीत सगळी उंची चढायची, त्यामुळे मी जरा जास्तच उभा झालो. शाळेतली पोरं मला घसरगुंडी म्हणतात. त्यात त्यांची काही चूक नाही.

मला बांधलं सत्तार मिस्त्रींनी. मोठा जीव लावून बांधलं. चाकं घसरू नयेत म्हणून त्यांनी ओल्या सिमेंटवर दोरी दाबून आडव्या रेघा ओढल्या. रेघ जराही वाकडी गेली की पुसायचे आणि पुन्हा ओढायचे. ठेकेदार खेकसायचा, "मिस्त्री, रांगोळी काढायलाव काय?" सत्तार मिस्त्री नुसते हसायचे आणि पुढची रेघ ओढायचे. माझ्या आयुष्यातला कौतुकाचा काळ तेवढाच, आठ दिवसांचा.

मग उद्घाटन ठरलं. जिल्ह्यातले एक मोठे पुढारी साहेब यायचे होते. उद्घाटन म्हटलं की कोनशिला आलीच. कोनशिला म्हणजे काळ्या गुळगुळीत दगडावर सोनेरी अक्षरांत साहेबांचं नाव आणि तारीख. आता ही लावायची कुठं? कचेरीच्या पुढच्या भिंतीवर आधीच्या चार कोनशिला होत्या. इमारतीची एक, दुरुस्तीची एक, संडासाची एक आणि बोअरची एक. पाचवीला जागाच उरली नव्हती. आधीच्यांपैकी एखादी काढावी, तर तिच्यावर दुसऱ्या कुणा साहेबाचं नाव. मोठी पंचाईत झाली. शेवटी कुणीतरी डोकं लढवलं की रॅम्पचं उद्घाटन आहे ना, मग दगडही रॅम्पवरच बसवा. झालं. माझ्या वरच्या टोकाला, जिथून व्हरांड्यात शिरायचं नेमक्या तिथे, मधोमध विटांचा एक चौथरा उभा राहिला. अडीच फूट रुंद आणि तेवढाच उंच. त्यावर तिरपा बसवलेला काळा दगड. मी चार फूट रुंद. म्हणजे चौथऱ्याच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच वाट राहिली.

सत्तार मिस्त्री ठेकेदाराला म्हणाले, "साहेब, हितून खुर्ची कशी जायची?"

ठेकेदार म्हणाला, "कार्यक्रम होऊ द्या. मग सरकवू बाजूला."

साहेब आले. पायऱ्यांनीच वर आले, पडदा सरकवला, टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि साहेब पायऱ्यांनीच खाली गेले. त्यानंतर दगड सरकवायचा विषय कुणी काढला नाही. मोठ्या माणसाचं नाव कोरलेल्या दगडाला पहार कोण लावणार? कागदोपत्री तसा अर्ज तरी कोण करणार? पुढे दुसऱ्या बाजूचे लोक निवडून आले, तेही म्हणाले, नको, उगाच वाद होईल. माझ्या वरच्या तोंडाला खरं तर एक फाटकही बसायचं होतं. ठेकेदार म्हणाला, दगड आहे की, आता फाटक कशाला? तेही राहून गेलं.

माझ्यासोबत आणखी एकाचा जन्म झाला होता, त्याचं सांगायचं राहिलं. अपंगांची गाडी लावायची जागा. निळा चौकोन, त्यात पांढऱ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र. ही जागा कचेरीच्या उजव्या अंगाला, कडुलिंबाच्या दाट सावलीत. मी डाव्या अंगाला. मधे उघडी नाली. चाकाच्या खुर्चीतला माणूस तिकडे उतरून इकडे माझ्याकडे कसा येणार, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. तशी वेळही क्वचितच येते म्हणा, कारण सावली चांगली असल्यानं त्या चौकोनात कचेरीची जीप उभी असते.

मग मी करायचो काय दिवसभर? सांगतो. माझ्या पायथ्याशी पंडित अर्जनवीस टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहायचे, कारण इथून कुणाची ये-जा नसायची. दुपारी खेड्यातली माणसं माझ्या अंगावर बसून भाकरी सोडायची. पाऊस आला की मोटारसायकली माझ्यावर चढवायची. छबुबाई नावाच्या शिपाई मावशी आहेत, त्या रोज सकाळी मला झाडतात आणि झाडताना माझ्यावर थुंकणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरतात. सगळ्यांच्या उपयोगी पडायचो मी. फक्त ज्यांच्यासाठी बांधलं, त्यांच्या नाही.

आता समिनाची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच मी तोंड उघडलं.

समिना इथून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या एका खेड्यात राहते. वय चौतीसच्या आसपास. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले. पण हात असे की विचारू नका. विहिरीवरची मोटार जळाली की गावातला प्रत्येक जण तिच्याकडे येतो. जळालेली तार काढून नवी तांब्याची तार ती अशी भरते की तालुक्याच्या दुकानातही तसं काम होत नाही. तिचा धाकटा भाऊ मतीन रिक्षा चालवतो आणि तिला म्हणेल तिथे घेऊन जातो.

दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्याकडे आली, एका दाखल्यासाठी. निम्म्यावर आली, तिला दगड दिसला आणि ती थांबली. व्हरांड्यातली चार माणसं धावून आली. "उचलतो की, त्यात काय," म्हणाली. ती नको नको म्हणत असताना त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. एकाचा पाय माझ्या वरच्या तड्यात अडकला, खुर्ची कलंडली आणि समिना चौथऱ्याच्या कोपऱ्यावर पडली. तिचं उजवं मनगट मोडलं. ऐन उन्हाळ्याचे दिवस, गावात रोज एक मोटार जळत होती, आणि समिनाचा हात तीन महिने प्लास्टरमध्ये. उचलणारी माणसं वाईट नव्हती. मनगट धरून ती जिथे पडली होती ती जागा माझी होती, आणि मला कुणीच बोल लावला नाही. त्यानं मला जास्त लागलं.

त्यानंतर ती आली ती यंदा, ग्रामपंचायत निवडणुकीचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी.

कचेरीच्या भिंतीवर नोटीस लागली होती. उमेदवारानं अर्ज स्वतः आणून द्यायचा. मुदत दुपारी तीनपर्यंत. तीन वाजता पायऱ्यांवरचं गेट बंद होईल, गेटच्या आत असतील त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या मिळतील आणि तेवढ्यांचेच अर्ज घेतले जातील. समिनाच्या वॉर्डातली जागा महिलांची होती. तिथे आतापर्यंत एकच अर्ज आला होता, स्वप्नालीचा. स्वप्नाली म्हणजे बद्रीनाथ तात्यांची सून. तात्या गावातले मोठे बागाईतदार. दुसरा अर्ज आला नाही तर सून बिनविरोध येणार होती. तात्यांनी हाराची ऑर्डरसुद्धा देऊन ठेवली होती, असं पंडित अर्जनवीस सकाळीच कुणाला तरी सांगत होते.

समिना सकाळपासून कॉम्प्युटर सेंटरवर बसून होती. अर्ज आधी तिथे भरायचा, मग छापील कागद घेऊन कचेरीत यायचं. पण सर्व्हर बंद पडला तो पडलाच. कागद हातात आला तेव्हा दोन वाजून गेले होते.

मतीनची रिक्षा आवारात शिरली तेव्हा व्हरांड्यातल्या घड्याळात दोन पस्तीस झाले होते. आवार गाड्यांनी गच्च भरलेलं. निळ्या चौकोनात जीप, जीपच्या मागे आणखी दोन जीपा. मतीननं नालीच्या पलीकडेच रिक्षा लावली. आधी खुर्ची उतरवली, नालीवर एक फरशी आडवी टाकली आणि बहिणीला, त्याच्या आपाला, खुर्चीत बसवून जपून अलीकडे आणली. फरशी हलत होती. समिनानं अर्जाची पिशवी दातांत धरली होती, कारण दोन्ही हातांनी तिनं खुर्ची घट्ट पकडली होती. दोन त्रेचाळीस.

माझ्या पायथ्याशी पाच मोटारसायकली आणि पंडितरावांचं टेबल. मतीन म्हणाला, "काका, टेबल काढा ना जरा."

पंडितराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "कावून? वर रस्ता न्हाई, बाबा. वर दगड हाय."

"ठाव हाय," समिना म्हणाली. "तुमी काढा तर आधी."

पंडितरावांनी टेबल उचललं. मोटारसायकली मतीननं एकेक करून सरकवल्या. एकीचं हँडल लॉक होतं, तिला त्यानं मागच्या चाकावर उचलून फिरवली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. दोन एकोणपन्नास.

मग ती दोघं माझ्यावर चढू लागली. मी उभा, हे आधी सांगितलंच आहे. मतीन मागून लोटत होता, समिना दोन्ही हातांनी चाकं ओढत होती. दर दोन फुटांवर खुर्ची मागे सरायला बघायची. सत्तार मिस्त्रींच्या रेघा त्या दिवशी कामी आल्या, चाकं धरून ठेवली मी, माझ्यात होती तेवढ्या ताकदीनं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं काम करत होतो आणि तरी मी घाबरलो होतो, कारण वर काय आहे ते मला माहीत होतं.

दोन चोपन्नला ती दगडापाशी पोचली.

पलीकडे, हाताच्या अंतरावर, व्हरांडा. व्हरांड्यात उमेदवारांची गर्दी. मतीन वाकून नऊ इंचांच्या फटीकडे बघत राहिला, जणू बघून ती रुंद होणार होती. मग म्हणाला, "आपा, पाठीवर घेतो. पायऱ्यांनी जाऊ."

समिनानं पायऱ्यांकडे पाहिलं. सहाच्या सहा पायऱ्यांवर कार्यकर्ते दाटीवाटीनं उभे होते, पाय ठेवायला जागा नव्हती. तिचा डावा हात नकळत उजव्या मनगटावर गेला.

"एकदा पडले हितं," ती म्हणाली. "आनि तुझ्या पाठीवर बसून अर्ज भरला तर लोक मत मला देतील का तुला?"

तेवढ्यात व्हरांड्यातून बद्रीनाथ तात्या कठड्यापाशी आले. सुनेला घेऊन सकाळपासून तिथेच होते. समिनाला पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला, पण लगेच सावरला. तात्या तसे जुन्या वळणाचे, गोड बोलणारे.

"अगं लेकी, हितं कावून थांबली? सांगायचं न्हाई का. पोरं बोलावतो, चौघं मिळून उचलून घेतील. चल."

"नको तात्या."

"लाजती काय? मी हाय की हितं."

"लाजत न्हाई. मला माज्या चाकांवर आत यायचंय."

तात्या दगडाकडे बघून हसले. "मंग अवघड हाय, बाई."

दोन अठ्ठावन्न. आतून हुकूम झाला आणि छबुबाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. पायऱ्यांवर एकच ढकलाढकली झाली. जेवढे उमेदवार आत येऊ शकत होते तेवढे आले. घड्याळात तीन वाजले. छबुबाईंनी पायऱ्यांवरचं चॅनल गेट खडखड करत ओढलं आणि कुलूप घातलं. तो आवाज मी रोज ऐकतो. त्या दिवशी तो माझ्या तड्यांतून आरपार गेला.

छबुबाई आतल्या उमेदवारांना चिठ्ठ्या वाटू लागल्या. एक, दोन, तीन. तेराव्या चिठ्ठीला माझ्या टोकाकडून आवाज आला.

"मावशी, मला चिठ्ठी द्या."

छबुबाई वळल्या. दगडाच्या अलीकडे समिना बसलेली. तिनं हात पुढे केला होता.

"तू भाईर हाईस बाई," छबुबाई म्हणाल्या. आवाजात नेहमीचा खणखणीतपणा नव्हता.

"भाईर कुठं? गेट तुमी कुठं लावलं?"

"पायऱ्यांवर."

"मंग मी गेटच्या भाईर कशी? माज्या पुढं गेट न्हाई. दगड हाय. दगडाला तुमी कुलूप घातलं का?"

छबुबाईंनी हातातल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. बद्रीनाथ तात्या पुढे झाले. आता त्यांच्या बोलण्यातला गोडवा आटला होता.

"मावशी, चिठ्ठी देऊ नका. ती रॅम्पवर हाय, आत न्हाई. मगाशी मी सोता उचलून आणत हुतो, ती न्हाई म्हणली. आता नियम तो नियम."

"मी शिपाई हाय तात्या," छबुबाई म्हणाल्या. "मला काय इचारता? मॅडमला इचारते."

त्या आत गेल्या. मित्रांनो, ती तीन-चार मिनिटं मला माझ्या साऱ्या आयुष्यापेक्षा लांब वाटली. मी कचेरीत मोडतो की रस्त्यात, हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मलाही तो पडला नव्हता. आज एका बाईची जागा त्यावर ठरणार होती. मतीन खुर्ची मागून घट्ट धरून उभा होता, सोडली तर ती खाली घसरली असती. समिना सरळ समोर बघत होती.

निवडणुकीच्या अधिकारी मॅडम बाहेर आल्या. तीनच महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या. रोज पायऱ्यांनी येत आणि पायऱ्यांनी जात, या टोकाला त्या कधी फिरकल्याच नव्हत्या. त्यांनी आधी कुलूप घातलेलं गेट बघितलं. मग माझ्या टोकाशी आल्या, वाकल्या आणि दगडावरची अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांची नजर खुर्चीच्या चाकांवर गेली आणि तिथून त्या नऊ इंचांच्या फटीवर.

"हे इथं कुणी बसवलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मग त्या छबुबाईंकडे वळल्या.

"गेट किती वाजता लावलं?"

"तीनला, मॅडम."

"तेव्हा ह्या इथंच होत्या?"

छबुबाईंनी तात्यांकडे पाहिलं. त्यांच्या पोराला तात्यांच्या ओळखीनं काम लागलं होतं, हे साऱ्या कचेरीला माहीत होतं. मला वाटलं, संपलं.

"हितंच हुत्या," छबुबाई म्हणाल्या. "तीनच्या आधीपासून. मी बघितलं."

"मग ह्या गेटच्या आत आहेत. चिठ्ठी द्या."

तात्या म्हणाले, "मॅडम, माजी हरकत हाय."

"लेखी द्या. उद्या छाननीला बघू."

छबुबाईंनी दगडावरून हात लांब करून चिठ्ठी दिली. चौदावा नंबर. तास-दीड तासानं तो पुकारला गेला. तोवर समिना माझ्यावर उन्हात बसून होती. पंडितरावांनी खालून पाण्याची बाटली आणून दिली आणि चाकांना दोन विटा लावल्या, म्हणजे मतीनला हात मोकळे करता येतील. नंबर आल्यावर मॅडम स्वतः अर्ज घ्यायला बाहेर आल्या. एक सही राहिली होती. समिनानं कागद कोनशिलेवर ठेवला, साहेबांच्या नावावरच, आणि सही केली. लिहायला दगड बरा होता, तिरपा आणि गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी तात्यांची हरकत फेटाळली गेली. अर्ज वैध ठरला. पुढे मतदान झालं आणि मतमोजणी झाली. समिना एकोणीस मतांनी निवडून आली. मतमोजणीच्या दिवशी ती आवारात रिक्षातच बसून होती. मतीननं नाचत येऊन सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर ओढणी घेतली आणि बराच वेळ काढली नाही.

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

निवडून आलेल्यांना कचेरीतून प्रमाणपत्र मिळतं. ते न्यायला समिना आली. मतीननं पुन्हा मोटारसायकली हलवल्या, पुन्हा ती दोघं माझ्यावर चढली, पुन्हा दगड. मॅडम हसत बाहेर आल्या आणि दगडावरून प्रमाणपत्र पुढे केलं. "अभिनंदन, समिनाताई."

समिनानं हात पुढे केला नाही.

"मॅडम, मी आत येऊन घेते."

"आत कसं येणार?"

"ते मी कसं सांगू? त्या दिवशी तीन वाजले हुते म्हणून हितून अर्ज दिला. आज काय घाई न्हाई. आता पाच वर्षं मला हितं यावं लागंल, लोकांची कामं घेऊन. दर बारीला दगडावरून कागद देणार का तुमी?"

मॅडमचा हात तसाच राहिला. बाकीचे लोक बघत होते. कारकून कुजबुजला, "मॅडम, घ्या म्हणा त्यांना. दगडाचं आपल्या हातात नाही. साहेबांचं नाव आहे त्यावर."

"साहेबांना कुणी कधी विचारलंय?"

कारकुनानं मागच्या कारकुनाकडे पाहिलं. साडेचार वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं.

मॅडमनी तिथेच उभ्या राहून फोन लावला. आधी कुणी सचिव, मग साहेब स्वतः. मॅडमनी सगळं सांगितलं, कचेरीचं नाव, दगड, खुर्ची. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"कुठला दगड? मला तर आठवत पण नाही हो, मॅडम. त्या साली लई उद्घाटनं झाली. काढा की. वाटेत कुणी दगड ठेवतं का?"

संध्याकाळच्या आत एक गवंडी आला. छिन्नी-हातोड्यानं त्यानं चौथरा फोडायला घेतला. मी मोजलं, बावीस मिनिटं लागली. बावीस मिनिटांच्या कामासाठी मी साडेचार वर्षं बंद होतो आणि एका बाईचं मनगट मोडलं होतं. मला आनंद झाला नाही, मित्रांनो. आधी राग आला. खूप राग आला. समिना तोवर खालीच बसून होती, तिनं घरी जायला साफ नकार दिला होता. मलबा उचलला, छबुबाईंनी झाडू मारला, आणि ती वर आली. जिथे चौथरा होता तिथे जमीन खडबडीत राहिली होती, चाक तिथे जरा अडलं. मतीन पुढे झाला, पण तिनं हातानं त्याला थांबवलं, जोर लावला आणि ती व्हरांड्यात गेली. माझ्यावरून आत गेलेलं ते पहिलं माणूस. मग राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

आता रोज कुणी ना कुणी येतं. परवा एक आजी आली, काठी टेकत, दोन वेळा थांबली, पण पोचली. माझा चढ अजून उभाच आहे, तडे तसेच आहेत आणि निळ्या चौकोनातली जीपही हललेली नाही. एक दगड हलल्यानं सगळं सुधारत नाही.

माझी एकच विनंती आहे. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, बसस्टँडवर माझी भावंडं असतील. खालून बघून 'इथे रॅम्प आहे' असं म्हणू नका. एकदा त्यांच्यावरून वरपर्यंत चालत जा. कुठे खांब असेल, कुठे कुलूप, कुठे एखादी उंच पायरी, कुठे कुणाचा तरी दगड. असं काही आडवं आलं तर ते कुणाचं आहे ते शोधा आणि त्याला जाऊन विचारा. विचारायला घाबरू नका. ज्याच्या धाकानं सगळे गप्प बसलेले असतात, पुष्कळदा त्याला ते तिथे आहे हेसुद्धा आठवत नसतं.